चांद्याचा कोळसा, त्याची आगगाडी आणि स्थळनामांचा इतिहास

पोलादपूर हे नाव प्रथमच कानी पडलेला परस्थ मनुष्य येथे भट्ट्या व कारखाने असतील अशी कल्पना करून येतो, आणि एस. टी. स्थानकावर उतरताच सावित्री नदी, भाताची खाचरे व सह्याद्रीचे काळे कडे एवढेच त्याच्या दृष्टीस पडतात. पोलाद गाळावयास कोळसा लागतो, आणि आपल्या डोंगरांत कोळशाचा एक तुकडाही सापडावयाचा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या शिलारसाचे थरावर थर साचून हा कातळ झाला. महाराष्ट्रातील कोळसा त्याहून कितीतरी जुना असून तो येथून शेकडो मैल पूर्वेस, वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूर व यवतमाळ ह्या जिल्ह्यांच्या भूमीत आहे. त्या खाणींची व त्यांच्यासाठी घातलेल्या लोहमार्गाची नावे कशी पडली, कशी बदलली व कशी टिकली, हे ह्या ज्युबिलीच्या अंकात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

महाड-पोलादपूरच्या ख्रिस्ती मंडळींनी इतक्या दूरच्या खाणींची नावे का म्हणून वाचावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ख्रिस्तसभेच्या प्रत्येक देवळात बाप्तिस्म्याचे एक पुस्तक असते, आणि त्या पुस्तकात माणसाच्या नावाच्या जोडीस गावाचे नाव लिहिलेले असते. लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा दाखला मागावा लागतो, आणि लग्न लागल्यावर त्याची वर्दी बाप्तिस्म्याच्या मूळ धर्मग्रामास पाठवावी लागते. गाव कोणते हे कळले नाही तर पत्र कोठे पाठवावयाचे? म्हणून गावाच्या नावाचा इतिहास ही केवळ विद्वानांच्या करमणुकीची गोष्ट नसून प्रत्येक धर्मग्रामाच्या रोजच्या व्यवहाराची गोष्ट आहे.

आपल्याच भागातील तीन उदाहरणे प्रथम घेऊ, म्हणजे पुढील विषय समजण्यास सुलभ जाईल. पोलादपूरहून महाबळेश्वरास चढणाऱ्या घाटास मुंबईचे गव्हर्नर सर सीमोर फिट्झजेराल्ड (कारकीर्द १८६७ ते १८७२) ह्यांचे नाव देण्यात आले होते. परंतु लोकांच्या तोंडी आंबेनळी हेच नाव राहिले, आणि गव्हर्नरसाहेबांचे नाव जुन्या पुस्तकांत जाऊन बसले. दुसरे उदाहरण जिल्ह्याचे. अलिबागच्या समुद्रातील किल्ल्यावरून पडलेले कुलाबा हे नाव १९८१ साली जाऊन महाड तालुक्यातील रायगडाचे नाव जिल्ह्यास मिळाले. तिसरे उदाहरण आगगाडीचे. कोकण रेल्वे १९९३ साली रोह्यापासून वीरपर्यंत आली व १९९८ साली तो मार्ग संपूर्ण खुला झाला. परंतु महाडास जावयाचे तर वीर ह्या स्टेशनावर उतरावे लागते. त्याच्या अलीकडे गोरेगाव रोड, पलीकडे सापे वामने. ह्यांपैकी ‘रोड’ ह्या शब्दाचा अर्थ गाव येथे नाही, गावाकडे जाणारी वाट येथे आहे, असा होतो. आणि ‘सापे वामने’ ह्या जोडनावात दोन्ही गावांचा मान राखलेला दिसतो. राजसत्ता, लोकव्यवहार व आगगाडी अशा तीन हातांनी गावांची नावे लिहिली जातात. हेच तीन हात वर्धेच्या खोऱ्यात कसे चालले ते आता पाहू.

प्रथम खडकांचीच नावे घ्यावी. ज्या खडकांत हिंदुस्थानातील बहुतेक दगडी कोळसा सापडतो, त्यांस भूगर्भशास्त्रात ‘गोंडवन’ असे म्हणतात. हे नाव मेडलिकॉट ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७२ साली योजिले, आणि ते त्याने गोंड लोकांच्या प्रदेशावरून घेतले. पुढे १८८५ साली ऑस्ट्रियातील पंडित एडवर्ड झ्यूस ह्याने हिंदुस्थान, आफ्रिका इत्यादी दक्षिणेकडील भूमी पुरातन काळी एकमेकींस जोडलेल्या होत्या असे प्रतिपादन केले, व त्या प्राचीन महाभूमीस हेच नाव लाविले. आज पृथ्वीवरील कोणत्याही देशात भूगर्भशास्त्र शिकणारा विद्यार्थी गोंडांचे नाव उच्चारल्यावाचून पुढे जात नाही. अरण्यात राहणाऱ्या ज्या जमातीस शहरच्या लोकांनी फारसे विचारले नाही, तिचे नाव अशा रीतीने अंटार्क्टिकाच्या हिमाच्छादित खडकांसही लागले आहे.

ह्या गोंडवन खडकांतही पोटभेद आहेत, व त्यांची नावेही गावांवरून व नद्यांवरूनच पडलेली आहेत. वर्धा खोऱ्यातील कोळसा ज्या थरांत आहे त्यांस ‘बराकर’ म्हणतात. हे नाव दामोदर नदीस मिळणाऱ्या बराकर नदीचे. त्या थरांच्या वर जे वालुकाश्म आहेत त्यांस ‘कामठी’ म्हणतात. हे नाव नागपूरजवळच्या कामठी गावाचे. म्हणजे चंद्रपूरची विहीर खणणारा मनुष्य प्रथम कामठीतून जातो व मग बराकरात उतरतो, आणि आपण नागपूरहून बंगालच्या सीमेवर पोचलो ह्याची त्या बिचाऱ्यास वार्ताही नसते!

१८७७ साली भूगर्भ खात्याच्या ह्यूज नावाच्या अधिकाऱ्याने ह्या प्रदेशाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, व त्यात ह्या क्षेत्रास वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र असे म्हटले. येथे नदीचे नाव घेतले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नदी एक, परंतु तिच्या दोन तीरांवर त्या काळी राज्ये दोन होती. पूर्वेस इंग्रजांच्या मध्यप्रांतातील चांदा जिल्हा, आणि बल्लारपुराच्या समोर, पश्चिम तीरावर, राजुऱ्याच्या बाजूस निजामाचा मुलूख. कोळशाचे थर सीमा ओळखीत नाहीत. म्हणून दोन्ही तीरांस पुरेल असे नाव नदीचेच होते.

आता आगगाडीकडे वळू. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोचली. वाटेत वर्धा हे स्टेशन लागते. हे शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसविण्यात आले, व त्यास नदीचे नाव दिले गेले. आज वर्धेच्या किती रहिवाशांस पालकवाडी हे नाव ठाऊक असेल? ज्या खेड्याने आपली जागा दिली, त्याचे नाव नव्या शहराच्या भाराखाली दबून गेले.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या विलायतेहून जहाजाने आलेल्या कोळशावर चालत. बंगालचा कोळसा दूर. म्हणून मार्गाजवळच कोळसा सापडावा ही सरकारची निकड होती. १८७० नंतरच्या दशकात सरकारने चांदा जिल्ह्यातील वरोरा येथे स्वतःची खाण चालविली, आणि तिचा माल बाहेर नेण्यासाठी वर्ध्यापासून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग घातला. त्यास ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे नाव होते. एवढ्या लहान नावात नदी, कोळसा व सरकार ही तिन्ही आली. आली नाहीत ती फक्त माणसे.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. परंतु मार्ग बंद झाला नाही. नवी खाण दक्षिणेस बल्लारपुरास निघाली होती, व लोहमार्गही तिकडे वाढला. १९२९ साली बल्लारपूर ते काझीपेठ हा दुवा पुरा झाला, आणि जी शाखा केवळ कोळशाच्या वाघिणींसाठी घातली होती, ती दिल्लीहून मद्रासेस जाणाऱ्या राजमार्गाचा भाग बनली. १९५१ साली जुनी कंपनी मध्य रेल्वेत विलीन झाली. ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ हे नाव तर त्याच्या कितीतरी आधीच लोपले होते. ज्या कोळशाने ही वाट निर्माण केली, त्याचा नामनिर्देशही आज तिच्या फलकांवर नाही.

ह्या मार्गावरील स्टेशनांची नावे क्रमाने वाचली असता एक लहानसा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. वर्ध्याजवळच्या फाट्याचे स्टेशन पूर्वी ‘वर्धा ईस्ट’ म्हणून ओळखले जाई. त्यास आता सेवाग्राम म्हणतात. सेवाग्राम हेही मूळचे नाव नव्हे. गांधीजी १९३६ साली जेथे राहावयास गेले त्या खेड्याचे नाव शेगाव. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव प्रसिद्ध असल्यामुळे टपाल तिकडे जाऊ लागले, आणि १९४० साली ह्या शेगावचे सेवाग्राम झाले. पत्रे चुकतात एवढ्या साध्या कारणाने पडलेले हे नाव पुढे जगभर गेले. पुढे चिकणी रोड येते. आपल्या गोरेगाव रोडाप्रमाणेच हेही वाटेचे नाव, गावाचे नव्हे. मग वरोरा. जेथील भूमी पोखरून खाण थकली, त्याच वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी महारोग्यांसाठी वसाहत उभारली व तिला आनंदवन हे नाव दिले. जुन्या नकाशात त्या जागी असे नाव नव्हते. ते सेवेने निर्माण केले.

त्यापुढे माजरी; येथून वणी व राजूर ह्या कोळशाच्या गावांकडे फाटा जातो. हे राजूर यवतमाळ जिल्ह्यातले, आणि वर सांगितलेले राजुरा चंद्रपूर जिल्ह्यातले. एका काना-मात्रेचा फरक, पण गावे दोन. नोंदणी करणाऱ्याने येथे लेखणी सांभाळून चालवावी. मग भांदक. स्टेशनावर भांदक, आणि लोकांच्या व नगरपालिकेच्या लेखी भद्रावती. नंतर ताडाळी, जेथून घुग्गुसच्या खाणींकडे शाखा जाते. मग चंद्रपूर, आणि शेवटी बल्हारशाह.

चंद्रपुराची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. गोंड राजांची ही तटबंदीची राजधानी. इंग्रजी अमलात शहर व जिल्हा ह्या दोहोंस चांदा म्हणत, आणि १९६४ च्या सुमारास चंद्रपूर हे नाव सरकारी दप्तरात आले. परंतु चांदा गेला म्हणता येईल काय? गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावरील स्टेशन अजून चांदा फोर्ट आहे. भद्रावतीजवळचा दारूगोळ्याचा कारखाना चांद्याच्याच नावाने ओळखला जातो. शहरालगतच्या एका जुन्या खाणीचे नाव चांदा रयतवारी. त्यात चांदाही आहे आणि जमीनमहसुलाच्या जुन्या पद्धतीचा शब्दही आहे. जवळच्या दुसऱ्या खाणीस तेथील देवीच्या नावावरून महाकाली म्हणतात, तिसरीस लालपेठ. सरकारने नाव बदलले तरी खाण आपल्या कागदांतून जुने नाव सहसा सोडीत नाही.

बल्लारपुराचे तर एकाच ठिकाणी दोन पाठ आहेत. परंपरेप्रमाणे हे नाव बल्लाळशहा ह्या गोंड राजवंशातील नावावरून पडले. नगरपालिकेच्या पाटीवर राजाच्या नावास ‘पूर’ जोडून बल्लारपूर झाले, आणि रेल्वेच्या पाटीवर राजा आपल्या ‘शाह’ ह्या पदवीसह बल्हारशाह म्हणून उभा राहिला. तिकीट बल्हारशाहचे काढावे आणि उतरावे बल्लारपुरात, असा हा प्रकार आहे.

येथेच आपल्या ख्रिस्तसभेचा संबंध येतो. हा सर्व प्रदेश १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होता. ३१ मार्च १९६२ रोजी पवित्र पीठाने चांदा हे निराळे कार्यक्षेत्र करून ते केरळातील सिरो-मलबार पंथाच्या, संत कुरियाकोस इलायस चावरा ह्यांच्या कार्मेलाईट संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविले; २६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. १९९९ साली त्यातून आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा निघाला. १९६४ च्या सुमारास सरकारी नाव चंद्रपूर झाले होते, तथापि धर्मप्रांताचे नाव चांदाच राहिले, आणि त्याचे मुख्य मंदिर संत थॉमसच्या नावाने बल्लारपुरास आहे. म्हणजे धर्मप्रांत चांद्याचा, जिल्हा चंद्रपूरचा, मुख्य मंदिर बल्लारपूरचे, आणि तेथे जावयास गाडीचे तिकीट बल्हारशाहचे. मालवाहू वाघिणींच्या जोडीने ह्याच वाटेने तेलुगू, हिंदी, मलयाळी बोलणारी कुटुंबे खाणींत व कारखान्यांत पोटासाठी आली, आणि त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या लेकरांची नावे ह्या चार नावांपैकी कोणत्या तरी एका नावाखाली पुस्तकांत लिहिली गेली.

आपणही ह्या बाबतीत वेगळे नाही. आपला रायगड जिल्हा ज्या महाधर्मप्रांतात मोडतो त्याचे नाव आजही बॉम्बे असेच लिहिले जाते, जरी शहराचे अधिकृत नाव १९९५ साली मुंबई झाले. ख्रिस्तसभा नावे सोडण्यात मंद आहे, असे कोणी हसून म्हणेल. परंतु उत्तर आफ्रिकेतील व आशिया मायनरमधील ज्या प्राचीन नगरांत आज ख्रिस्ती मंडळी उरली नाही, त्यांच्याही नावाने ती बिशप नेमीत आली आहे. नगर पडले तरी तेथे प्रार्थना केलेल्या माणसांस विसरावयाचे नाही, असा त्याचा भाव. पवित्र शास्त्रातही हीच रीत दिसते. याकोबाने आपल्या स्वप्नाच्या जागेस बेथेल हे नाव दिले; पण शास्त्रलेखकाने तेवढ्यावर न थांबता त्या नगराचे पूर्वीचे नाव लूज होते हेही नमूद करून ठेविले. नवे नाव घेतले म्हणून जुने पुसले नाही. आमच्या मते स्थळनामांच्या बाबतीत ह्याहून उत्तम नियम नाही.

हा नियम किती अगत्याचा आहे हे खाणींच्या अर्वाचीन इतिहासावरून कळते. १९७३ साली दगडी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, व १९७५ पासून ह्या भागाचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स ह्या सरकारी कंपनीकडे आला. तिच्या खाणींची नावे पाहावी : सास्ती, पौनी, गौरी, दुर्गापूर, पद्मापूर, घुग्गुस, नायगाव, निलजई, मुंगोली, कोलगाव, उकणी, जुनाड, तेलवासा. ही सर्व नावे खेड्यांची आहेत. जुन्या काळी खाण जमिनीखाली असे व गाव वर राहत असे. उघड्या खाणीत मात्र वरची माती, शेत, विहीर व घर सर्वच बाजूस सारावे लागते. अशी खाण वाढत गेली म्हणजे गावास उठावे लागते, आणि पुष्कळदा गाव दूर जाते पण त्याचे नाव खाणीपाशी राहून जाते. पुढच्या पिढीस ते नाव ऐकून कोळशाचा ढिगारा आठवेल. पिंपळाचा पार, नदीचा उतार, आजीचे अंगण आठवणार नाही. गोष्ट कायद्याची व मोबदल्याची आहे तशीच ती स्मरणाचीही आहे. आणि मोबदल्याचा हिशेब पुरा झाल्यावरही स्मरणाचा हिशेब बाकी राहतो.

डोंगरउतारावर राहणाऱ्या आपल्या लोकांस हे दुःख परके नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील वाड्यांवरही मृत्यूने घाला घातला. जी घरे गाडली गेली त्यांची जागा नकाशावर उद्या कोणी रिकामी दाखवील. पण वाडीचे नाव लिहिलेले असले तर त्या जागी माणसे नांदत होती ह्याची साक्ष राहते. खाणीने उठलेले गाव असो की दरडीने गाडलेले असो, नाव टिकविणे हे मागे राहिलेल्यांच्या हातचे काम आहे.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी आमची धर्मग्रामबंधूंस व भगिनींस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने दाखले, लग्नपत्रिका अथवा मिस्साग्रंथाच्या आतल्या पानावर लिहिलेल्या जन्मतिथी असतील, त्यांनी त्यांवरील गावाचे नाव जसे आहे तसेच उतरून ठेवावे. कुलाबा असेल तर कुलाबा, चांदा असेल तर चांदा, मध्यप्रांत असेल तर मध्यप्रांत. त्या नावापुढे आजचे नाव लिहावे, पण जुने खोडू नये. बल्लारपुरासारख्या गावाने तर मध्यप्रांत, मध्यप्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १९६० नंतर महाराष्ट्र अशी चार राज्यनामे जागच्या जागी पाहिली. एकाच घरातील भावंडांच्या दाखल्यांवर निरनिराळे प्रांत आढळल्यास त्यात लबाडी नाही, इतिहास आहे. गावाबरोबर वाडीचे, पाड्याचे, आळीचे नावही लिहावे. कारण मोठी नावे सरकार जपते, लहान नावे जपणारे घरचेच लोक असतात. घरातील वृद्धांस विचारून हे काम ह्याच वर्षी उरकावे, पुढच्या ज्युबिलीवर टाकू नये.

आणि येत्या ४ डिसेंबरला, खाणकामगारांची आश्रयदाती संत बार्बरा हिच्या सणादिवशी, वर्धेच्या खोऱ्यात ज्यांनी भूमीच्या पोटात उतरून आपल्या आगगाड्यांस व दिव्यांस कोळसा पुरविला, आणि ज्यांची नावे कोणत्याही स्टेशनाच्या फलकावर चढली नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या देवळात एक प्रार्थना व्हावी. त्यांची नावे आपल्यास ठाऊक नाहीत. ज्याच्या पुस्तकात ती लिहिलेली आहेत त्यास ती ठाऊक आहेत.